मनोऱ्यावरचा पोरगा

‘अल-बरी’ म्हणजे निर्दोष. १९८६ च्या या इजिप्शियन सिनेमाचा नायक एका नि:शस्त्र लेखकाचा गळा दाबून जीव घेतो, आणि वर त्याला साहेबांची शाबासकी मिळते. तरीही दिग्दर्शक आतेफ अल-तय्यब आणि लेखक वहीद हामेद त्याला निर्दोष म्हणतात. का, हा प्रश्न सिनेमा पाहिल्यापासून माझी पाठ सोडत नाहीये.

तय्यब आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, म्हणून आधी त्याच्याविषयी. जन्म १९४७ चा, सोहाग प्रांतातला, पण वाढला कैरोत. १९७० मध्ये तिथल्या चित्रपट संस्थेतून बाहेर पडला आणि सक्तीच्या लष्करी सेवेत गेला. १९७३ चं युद्ध नेमकं त्याच काळात झालं. पुढे इजिप्तमध्ये शूटिंगला येणाऱ्या परदेशी युनिट्समध्ये त्यानं साहाय्यकाची कामं केली, त्यात एक बाँडपटसुद्धा आहे. १९८२ पासून स्वतःचे सिनेमे सुरू केले. १९९५ मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेला तेव्हा तो ४७ वर्षांचा होता आणि नावावर वीसेक सिनेमे होते. सगळे काही ग्रेट नाहीत. मोहम्मद खान, खैरी बिशारा, दाऊद अब्देल सय्यद आणि हा, अशी ती स्टुडिओ सोडून कॅमेरा रस्त्यावर नेणारी पिढी.

त्याच्या ‘बस ड्रायव्हर’मधला हसन हा युद्धातून परतलेला माणूस. सुरुवातीला बसमधला पाकीटमार पळतो, पण हसन त्याच्या मागे जात नाही. त्याचं काम बस चालवण्याचं. मग वडिलांची सुतारकामाची वखार करापायी लिलावात निघते. बहिणी आणि मेहुणे एकेक करून हात वर करतात. शेवटी पुन्हा एक पाकीटमार पळतो, तेव्हा हसन बस सोडून धावतो आणि त्याला बदड बदड बदडतो. ‘ते माझं काम नाही’ या वाक्याची किंमत त्याला तोवर कळलेली असते.

‘अल-बरी’मधल्या अहमदला मात्र हे वाक्यसुद्धा सुचणार नाही. अहमद झाकीनं साकारलेला हा खेड्यातला निरक्षर पोरगा. सक्तीच्या भरतीत त्याला वाळवंटातल्या राजकीय कैद्यांच्या तुरुंगावर पहारेकरी नेमतात. हे सगळे देशाचे शत्रू आहेत, असं त्याला सांगितलं जातं, आणि ते त्याला मनापासून पटतं. म्हणूनच लेखक पळायला लागल्यावर तो त्याच्या मागे धावतो. त्यात क्रौर्य नाही, कर्तव्य आहे. क्रौर्य शोधायचं तर ते तुरुंगाधिकाऱ्यात आहे, जो घरी लेकरांचे लाड करतो आणि इथे माणसं फोडून काढतो.

मग एक दिवस कैद्यांची नवी तुकडी येते. शिपायांनी दोन्ही बाजूंनी उभं राहून त्यांना झोडपायचं, असा रिवाज. त्या गर्दीत अहमदला हुसेन दिसतो, त्याच्याच गावचा, कॉलेजात शिकणारा मित्र. अहमदचा हात थांबतो. तो हुसेनच्या अंगावर आडवा पडतो आणि ओरडून सांगतो, की हा देशाचा शत्रू असूच शकत नाही.

इथे डोळ्यांत पाणी येतं, आणि मग माझ्या डोक्यात शंका सुरू होते. अहमदला सत्य कळलं ते चेहरा ओळखीचा होता म्हणून. त्या लेखकाचा दोष एवढाच, की तो अहमदच्या गावचा नव्हता.

मी बॅकएंड लिहितो. आमच्याकडे माणूस येतो तोच आकडा होऊन. समजा, तिकिटात लिहिलंय, ‘जोखमीचा स्कोअर अमुक एका रेषेवर गेला की रायडरचं खातं गोठवा.’ ती कंडिशन दोन ओळींची आहे. टेस्ट पास होतात, कोड जातो. कुठल्यातरी शहरात कुणाचं तरी अ‍ॅप सकाळी उघडत नाही, आणि तो हुसेन आहे की नाही हे तपासायची सोय त्या दोन ओळींत नसते. अहमदला निदान चेहरे दिसत होते.

शिवाय आपण स्वतःला अहमद समजतो तेही जरा सोयीचंच आहे. तो निरक्षर होता. आपल्याला वाचता येतं, विचारता येतं, स्टँडअपमध्ये ‘हे कशासाठी?’ म्हटलं तर कुणी कोठडीत टाकत नाही. फार तर अप्रेझलला थोडं भोवतं. आपण जास्त जवळ आहोत हुसेनच्या. सिनेमात एक गोष्ट पटकन निसटते: सैन्यात जाणं म्हणजे देशाला शत्रूपासून वाचवणं, हे अहमदच्या मनात पहिल्यांदा भरवतो तो हुसेनच. शत्रू कोण हे कोण ठरवतं, ते मात्र तो सांगत नाही. त्या भोळ्या पोराला अर्धंच वाक्य मिळतं आणि उरलेलं तुरुंगाधिकारी पूर्ण करतो. हुसेन त्याच तुरुंगात सर्पदंशानं मरतो. त्याला दोषी म्हणायला जीभ रेटत नाही, पण ते अर्धं वाक्य त्याचंच होतं.

मूळ शेवटात अहमद पहाऱ्याच्या मनोऱ्यावरून अधिकाऱ्यांवर आणि शिपायांवर गोळ्या झाडतो. मग दुसराच एक शिपाई त्याला टिपतो. सरकारला हे झेपलं नाही. संरक्षण, गृह आणि संस्कृती या तिन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी सिनेमा पाहिला आणि शेवट कापला गेला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, सक्तीची सेवा एका वर्षानं वाढणार या अफवेवरून, केंद्रीय सुरक्षा दलाच्या हजारो शिपायांनी खरोखरच बंड केलं होतं. त्यामुळे थिएटरात सिनेमा संपला तो अहमदच्या किंकाळीवर.

गंमत अशी, की कात्रीनं अहमदला जास्त निर्दोष केलं. किंकाळीवर थांबलेला अहमद फक्त दुखावलेला आहे. मूळ शेवटातला अहमद आपल्यासारख्याच भरती झालेल्या पोरांनाही मारतो, आणि त्याला मारणारा पोरगाही तेवढाच अडाणी असतो. त्यालाही कुणीतरी शत्रू कोण ते सांगितलेलं असणारच. मला हाच शेवट खरा वाटतो, जरी पाहवत नाही.

तो पूर्ण शेवट इजिप्तच्या राष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला २००५ मध्ये. तय्यबला जाऊन दहा वर्षं झाली होती. अहमद झाकी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गेला होता.