पाच कसोटी आणि त्यानंतर

चंद्रकांत पंडित यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द एका ओळीत मावते: 5 कसोटी, 36 एकदिवसीय सामने. रमाकांत आचरेकरांच्या तालमीतला हा यष्टिरक्षक पुढे मध्य प्रदेशाचा कर्णधार झाला. 1999 मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने पहिल्या डावात आघाडी घेतली आणि तरीही कर्नाटकाने सामना जिंकला. असं हातातोंडाशी आलेलं निसटलं, की माणूस एकतर कडवट होतो किंवा शिकवायला लागतो. पंडित शिकवायला लागले.

मुंबईला रणजी जिंकून दिल्यावर 2017 मध्ये ते विदर्भाकडे आले. आमच्याकडे क्रिकेटवेडाची वाण कधीच नव्हती, सी. के. नायडू याच नागपुरात जन्मले. पण 1957-58 पासून रणजी खेळूनही करंडक एकदाही आला नव्हता. अनुशेष हा शब्द आम्ही सिंचनाला लावतो, रस्त्यांना लावतो. मला वाटतं, मनाचाही अनुशेष असतो. समोर मुंबई, कर्नाटक असले की चांगली झुंज दिली एवढ्यावर आपण समाधान मानायचो.

त्या वर्षी कोलकात्यात उपांत्य सामन्याच्या शेवटच्या सकाळी कर्नाटकाला 87 धावा हव्या होत्या आणि 3 गडी शिल्लक होते. विदर्भ 5 धावांनी जिंकला. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या रजनीश गुरबाणीने त्या डावात 7 बळी घेतले आणि पुढे दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिकही. पंडितांच्या कडक शिस्तीचे गोडवे तेव्हा फार गायले गेले. शिस्त होतीच, पण सगळं श्रेय तिलाच देणं मला पटत नाही. करंडक नसतानाही वर्षानुवर्षं इथे पोरं उन्हातान्हात सरावाला येत राहिली, त्यांचं काय?

माझं मन अडकतं ते कर्णधार फैज फजलपाशी. 2016 मध्ये हरारेला तो भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला, नाबाद 55 धावा केल्या आणि पुन्हा कधी त्याला बोलावणं आलं नाही. 2017-18 च्या रणजी हंगामात याच माणसाने 912 धावा केल्या. पाच कसोटींवर थांबलेला प्रशिक्षक आणि एका सामन्यावर थांबलेला कर्णधार. थोडक्यात राहून गेलेल्याला दुसऱ्याचं राहून गेलेलं ओळखू येतं, आणि हे ओळखणं कुठल्या अभ्यासक्रमात शिकवता येत नाही. आकड्यांनी छोट्या ठरवलेल्या कारकिर्दीचा खरा ऐवज मला इथे दिसतो.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2019 मध्ये, जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना झाला. आदित्य सरवटेने दोन्ही डावांत पुजाराला बाद केलं, सामन्यात 11 बळी घेतले, आणि सलग दुसरा करंडक घरच्या मैदानावर मिळाला. पंडित त्यानंतर मध्य प्रदेशाकडे गेले. जून 2022 मध्ये त्याच चिन्नास्वामीवर त्यांच्या संघाने मुंबईला हरवलं, आणि तेवीस वर्षांनी हा कठोर म्हणून ओळखला जाणारा माणूस सगळ्यांसमोर रडला.