खिडकीकडे तोंड करून

बसा.

मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली आहे. पलंगावर साड्यांच्या पिशव्या, रुखवताचं उरलेलं एक ताट, कुणाच्या तरी मुलाचा एकच बूट. आतल्या खोलीत नवरी पार्लरवालीच्या हाती आहे आणि पार्लरवाली आता कुणाचंच ऐकणार नाही. तुमचं तुम्हालाच आवरायचं आहे. हाताशी तासभर आहे.

तासभर पुष्कळ होतो.

भिंतीवरच्या आरशाच्या कडेला जुन्या टिकल्या चिकटलेल्या आहेत. लाल, मरून, एक चंद्रकोर. आधीच्या लग्नांना आलेल्या बायकांनी लावल्या आणि तिथेच विसरून गेल्या. त्यांच्याकडे क्षणभर पाहा. मग स्वतःकडे.

अजून काही लावू नका. नुसतं पाहा.

छताला एकच ट्यूबलाइट आहे. उजेड वरून खाली पडतो. कपाळ चमकतं, डोळ्यांखाली खळगे दिसतात, नाकाखाली सावली, ओठांच्या दोन्ही बाजूंना रेघा. अशा उजेडात विशीतली मुलगीसुद्धा दमलेली दिसते. काल रात्री जागरण झालं हे खरं, पण इतकंही नाही.

खुर्ची उचला. खिडकीपाशी न्या. खिडकीकडे तोंड करून बसा. पर्समधला आरसा चौकटीला टेकवा.

पुन्हा पाहा.

चेहरा तोच आहे. खळगे भरून आले आहेत. रेघा आहेत, पण आता त्या ओरडत नाहीत. उन्हाची तिरीप थेट गालावर येत असेल तर थोडं मागे सरका, किंवा पातळ पडदा ओढून घ्या. पडद्यातून गाळून आलेला उजेड दोन्ही गालांवर सारखा बसतो.

या उजेडात थोडा वेळ नुसतं असा.

श्वास घ्या. सोडा.

आता उठा, साध्या पाण्याने तोंड धुवा. पाणी गार आहे. कपाळावर, पापण्यांवर, मानेवर. टॉवेलने पुसू नका, टिपा. घासलेली कातडी लाल होते आणि तो लालपणा झाकायला मग आणखी एक थर लागतो.

मॉइश्चरायझर तळहातावर घ्या. दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून जरा ऊब येऊ द्या. चेहऱ्यावर ठेवा. नुसते ठेवा, क्षणभर.

आणि थांबा.

ही पाच-दहा मिनिटं सहसा कुणी देत नाही. ओलसर चेहऱ्यावर फाउंडेशन लावलं की ते सरकतं, बोटाखाली त्याच्या वळ्या होतात, आणि मग दोष फाउंडेशनला. त्वचेला प्यायला वेळ द्या.

तोवर ऐका. खाली कुणीतरी माइक तपासतंय. हॅलो, हॅलो. सनईची रेकॉर्ड सुरू होते, बंद पडते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. स्वयंपाकघरात मोठं पातेलं सरकवल्याचा आवाज. आत नवरी हसते.

गालाला बोट लावून पाहा. चिकटत नसेल तर पुढे जाऊ.

एक गोष्ट इथेच. सनस्क्रीनच्या नळीवर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड लिहिलेलं असेल आणि फोटो रात्री फ्लॅशवर निघणार असतील, तर आज ते नको. ही दोन्ही पांढरी खनिजं उजेड परतवतात. दिवसा उन्हात ते त्वचेच्या भल्याचं असतं. फ्लॅशमध्ये मात्र चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा येतो आणि हात-मान आपल्या रंगाचे राहतात. काही बारीक पांढऱ्या पावडरींचंही तसंच. रंगभूमीवर सफेदा फासलेला चेहरा चालून जातो, तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा असतो. इथे फोटोग्राफर दोन हातांवर येऊन उभा राहतो.

श्वास घ्या.

आता बोटं जबड्याच्या कडेवर न्या. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत हळू फिरवा. इथे चेहरा संपतो आणि मान सुरू होते. या काठावर थांबा.

फाउंडेशनचा एक ठिपका इथेच द्या, निम्मा चेहऱ्यावर, निम्मा मानेवर. मनगटावर नको. मनगटाचा रंग वेगळा असतो, दुकानातली बाई काहीही म्हणो. ठिपका पसरा, आणि वाट पाहा. हवा लागली, त्वचेतलं तेल मिसळलं की काही फाउंडेशनं जराशी गडद होतात. दहा मिनिटांनी दिसतो तो त्याचा खरा रंग.

ठिपका दिसेनासा झाला का?

दिसेनासा झाला, तर तुमची शेड हीच.

ती एखाद्या छटेने उजळ असेल, तर ‘लग्न आहे, चालेल’ असं मनात येईल. येऊ द्या. मग पुन्हा मानेकडे पाहा. गळ्यातल्या ठुशीच्या वर एक रंग आणि खाली दुसरा, हे कॅमेऱ्याला डोळ्यांपेक्षा लवकर कळतं. लग्नाच्या अल्बमांत असे राखाडी चेहरे मी इतके पाहिले आहेत की आता ‘उजळ’ हा शब्द ऐकला की मला त्या माना आठवतात.

रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना एक कार्ड पाठवत असे. त्यावर एक गोरी बाई असे. त्या कार्डालाच शर्ली म्हणत. तिची त्वचा नीट उमटली की रंग जमले असं धरायचं. सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात बुडून जात. आजचा फोन तसा राहिलेला नाही. त्याला तुमचा रंग दिसतो.

तोच त्याला दाखवा.

थोडंसंच घ्या. वाटाण्याएवढं. नाकाच्या बाजूंपासून बाहेरच्या दिशेने, ओल्या करून पिळलेल्या स्पंजने थोपटत. ओढू नका, थोपटा. थोपटण्याचा आवाज ऐका. अगदी मऊ आहे.

जिथे त्वचा चांगली आहे तिथे काही नको. तिला तशीच राहू द्या. गालावर तीळ असेल तर तोही.

डोळ्यांपाशी या. सावकाश.

इथली कातडी साऱ्या चेहऱ्यात पातळ. करंगळीशेजारच्या बोटाने काम करा, त्या बोटाला जोर नसतो. डोळ्यांखालचं काळं नीट पाहा. ते काळं नाहीच, निळसर आहे, कडेला तपकिरी. निळ्यावर उजळ कन्सीलर लावलं की राख होते. आधी केशरी-पीच रंगाच्या करेक्टरचा पातळ हात द्या, निळं विरतं. मगच त्वचेच्या रंगाचं कन्सीलर, तेही आतल्या कोपऱ्यात, जिथे सावली सगळ्यात गडद आहे तिथे. सबंध अर्धगोल भरू नका.

डोळे मिटा.

मिटलेलेच ठेवा.

पापण्यांच्या आत लालसर उजेड आहे. खिडकी तिथेही पोचली आहे. तीन श्वास तिथेच थांबा. घाई बाहेर आहे, जिन्यात आहे. ती आली की दार वाजवेल.

उघडा. डोळ्यांखाली बारीक रेघांत काही साचलं असेल तर बोटाने टिपून घ्या.

कॉम्पॅक्ट आता. कपाळाचा मधला भाग, नाक, हनुवटी, एवढंच. तेल इथेच येतं, होमाच्या धुरात आणि गर्दीत तर येतंच येतं. गालांवर पावडर नको. गालांना स्वतःची जी थोडी चमक असते, फोटोत चेहरा जिवंत वाटतो तो तिच्यामुळे.

हसा. कुणी पाहत नाही, हसा. गाल वर येतात. रंगाचा ब्रश तिथे टेकवा, आणि केसांच्या दिशेने वर न्या. आता हसू सोडून द्या. गाल खाली येतो, रंग त्याच्याबरोबर येतो. फार खाली आला असेल तर वरच्या कडेला आणखी एक हात. कॅमेरा आणि हॉलचे दिवे मिळून रंग थोडा खातात, म्हणून रोजच्यापेक्षा किंचित जास्त लावायला हरकत नाही. किंचित.

काजळ.

इथे श्वास आपोआप थांबतो. थांबवू नका. श्वास सोडता सोडता काजळाची रेघ ओढा, हात स्थिर राहतो. खालच्या पापणीच्या आत लावलेलं काजळ दोन तासांत खाली उतरतं. वरच्या पापणीच्या मुळांत घट्ट रेघ द्या आणि खाली फक्त बाहेरच्या कोपऱ्यात, केसांच्या मुळाशी. तिच्यावर त्याच रंगाची कोरडी आयशॅडो हलकेच दाबा. मस्कारा पाण्याला न हटणारा घ्या. नवरी निघताना काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

पुन्हा पाहा. दोन्ही डोळे सारखे नाहीत. कधीच नव्हते. उजव्याची रेघ डाव्यासारखी करायला जाल तर दोन्ही जाड होत जातील. ठेवा तसेच.

हात कपाळावर न्या. दोन भुवयांच्या मधली जागा बोटाला बरोबर सापडते, आरशाशिवायही.

कॅमेऱ्याला लाल रंग नेहमी दिसत नव्हता. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला, तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलं होतं. त्या काळच्या फिल्मला निळा उजेड कळे, लाल कळत नसे. लाल तिच्यावर काळं उमटे. घरात एखाद्या पणजीचा तसा जुना फोटो असेल तर तिचं कुंकू आठवून पाहा. काळंभोर, गोल. ते लालच होतं.

तुमचं आज लालच उमटेल. टिकलीखाली पावडर आणि फाउंडेशन पुसून घ्या, नाहीतर ती जेवणाच्या पंगतीत पडते. टेकवा. बोट तीन श्वास दाबून ठेवा.

आता ओठ. नथ घालण्याआधी.

हे लक्षात ठेवा, नथ नंतर. मोत्यांचा झुबका वरच्या ओठावर येतो आणि ओल्या लिपस्टिकला लागला की रंग गालापर्यंत जातो. लिपस्टिक लावा, टिपकागद दोन ओठांत धरा, सोडा. पुन्हा एक हात. पुन्हा टिपा. रंग आता ओठांत मुरला आहे, वर तरंगत नाही.

नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ. जिथे ती चिमटते तिथलं फाउंडेशन पुसून टाका, मगच ती घसरत नाही. पहिली दोन मिनिटं दुखतं. त्या दुखण्याकडे लक्ष द्या. मग ते निवळतं. निवळलं नाही तर जराशी सैल करा, संध्याकाळपर्यंत तिला वागवायचं आहे.

सगळं बाजूला ठेवा. हात मांडीवर.

पाहा.

नवीन काहीतरी वापरून बघावंसं वाटत असेल. एखादी मैत्रिणीची क्रीम, आत पडलेला चकचकीत हायलायटर. आज नको. नवीन वस्तू आठवड्याआधी कानामागे लावून, एक-दोन दिवस थांबून बघायची असते, भुवयांचं थ्रेडिंगही दोन-तीन दिवस आधी. त्वचा लग्नाची तारीख बघून फुलत नाही.

आता मान जरा लांब करा. हनुवटी थोडी पुढे आणि थोडी खाली. खांदे सोडा. अजून सोडा. जीभ टाळूला हलकेच टेकवा, जबडा सैल होतो. फोटोत पहिल्यांदा ताठरतो तो जबडा, आणि तो कोणत्याच ब्रशने सैल होत नाही.

एखाद्या भाच्याला हाक मारा. त्याला खिडकीकडे पाठ करून उभं राहायला सांगा, म्हणजे उजेड त्याच्या पाठीवर आणि तुमच्या तोंडावर. तो फोन अगदी नाकाशी आणेल. “मागे सरक रे.” जवळून नाक मोठं आणि कान लहान येतात, त्यात नाकाचा काही दोष नाही, अंतराचा आहे. दोन पावलं मागे जाऊन थोडं झूम केलं की चेहरा आपल्या मापात येतो.

एक फोटो असा. एक फ्लॅश लावून.

क्लिक होण्याआधी श्वास सोडा. सोडता सोडताच बघा त्याच्याकडे.

दोन्ही फोटो शेजारी धरा. मानेशी रेघ दिसते का? डोळ्यांखाली पांढरं दिसतं का? दिसलं तर ओल्या स्पंजने थोपटून उतरवा. कमी करणं नेहमी जमतं, आणि बहुतेक वेळा तेवढंच लागतं.

नाही दिसलं तर फोन त्याला परत द्या.

दार वाजतंय. अंतरपाट धरायला कोण कोण, असं कुणीतरी विचारतंय. उठा. लिपस्टिक आणि दोन टिपकागद पर्समध्ये टाका. जेवणानंतर लागतील.