इमान आणि निवाडा : इस्लाममधील ईश्वरविचाराचे एक अंग

‘इमान’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो मुळात एका धर्मशास्त्राचा पारिभाषिक शब्द आहे याचे स्मरण बोलणाऱ्यास राहत नाही. धन्याचे अन्न खाऊन जो उलटत नाही तो इमानी. दिलेला शब्द जो मोडतो तो बेइमान. मराठीत हा शब्द मताचा नसून वर्तनाचा आहे. बेइमान माणसाचे ईश्वराविषयीचे मत काय, हे कोणी विचारीत नाही. अरबी भाषेत मात्र हेच श्रद्धेचे नाव आहे. त्या श्रद्धेत अंतःकरणाची मान्यता किती, वाणीचा उच्चार किती आणि आचरणाचा वाटा किती, या एका प्रश्नावर इस्लामच्या आरंभीच्या शतकांत विद्वान विद्वानांपासून दुरावले, आणि रक्तही सांडले. हा वाद समजावयाचा तर ज्यावर इमान ठेवावयाचे त्या ईश्वराचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे.

ईश्वर एक आहे, एवढे म्हटल्याने इस्लामचा ईश्वरविचार सांगून झाला असे पुष्कळांस वाटते. ही समजूत अपुरी होय. महंमद पैगंबरांना ज्या मक्कावासीयांनी विरोध केला ते निरीश्वरवादी नव्हते. आकाश व पृथ्वी कोणी निर्माण केली असे विचारले असता हेही लोक अल्लाहचेच नाव घेतील, असे कुराणातच एकाहून अधिक ठिकाणी म्हटले आहे. मग त्यांचा दोष कोणता? लात, उज्जा, मनात या देवतांना त्यांनी मध्यस्थ मानले. सृष्टी एकाने केली, पण याचना दुसऱ्याजवळ केली. या दोषाला ‘शिर्क’ अशी संज्ञा आहे. मराठीतील ‘शरीक’, म्हणजे भागीदार, हा शब्द त्याच धातूचा. तेव्हा शिर्क म्हणजे ईश्वर नाकारणे नव्हे. ईश्वराचा जो अनन्य अधिकार, त्यात दुसऱ्यास वाटेकरी करणे होय. तौहीद, म्हणजे एकत्वाचा स्वीकार, ही गणनेची गोष्ट नसून अधिकाराची गोष्ट आहे.

कुराणाच्या ११२ व्या अध्यायात हा विचार अवघ्या चार वचनांत सांगितला आहे. ईश्वर एक आहे, तो ‘समद’ आहे, त्याने कोणास जन्म दिला नाही व तो कोणापासून जन्मला नाही, आणि त्याच्या तोडीचा कोणी नाही, असा त्याचा आशय. ‘समद’ या शब्दावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्याच्याकडे सर्वांनी गरजेसाठी जावे आणि ज्याला कोणाची गरज नाही तो समद, हा एक अर्थ. जो आतून पोकळ नाही, भरीव आहे, तो समद, हा दुसरा. परंतु त्याहून लक्षणीय आहे ते या अध्यायाचे प्रचलित नाव. ‘इखलास’, अर्थात भावाची निर्मळता, हे ते नाव असून तो शब्द त्या चार वचनांत कोठेही आलेला नाही. वर्णन सारे ईश्वराचे, आणि नाव मात्र भक्ताच्या अंतःकरणाच्या अवस्थेचे! ईश्वराचे एकत्व आणि मानणाऱ्याचे निर्भेळपण या दोन गोष्टी परंपरेने किती जवळच्या मानल्या, हे या नावावरून कळते.

देवता आणि परमेश्वर यांतील भेद ज्यांच्या नित्य चिंतनाचा विषय आहे त्या वाचकांस येथपर्यंतचा विचार ओळखीचा वाटेल. तथापि हे साम्य फार दूर नेऊ नये. इस्लाम अवतार मानीत नाही. त्याच्या मते ईश्वर देह धारण करून सन्निधान देत नाही. तो आपला शब्द पाठवितो, आणि पैगंबर हा केवळ मनुष्य असतो.

आता त्या ईश्वराला मानणे म्हणजे काय? ईश्वर, देवदूत, ग्रंथ, पैगंबर, अंतिम दिन आणि ईश्वरी नियती या सहा गोष्टींवर विश्वास ठेवणे, असे उत्तर सुन्नी परंपरेत बालकासही शिकविले जाते. परंतु कुराणाच्या ४९ व्या अध्यायात एक सूक्ष्म भेद केला आहे. वाळवंटातील अरब ‘आम्ही श्रद्धावान झालो’ असे सांगू लागले, तेव्हा तुम्ही शरण आलात एवढेच म्हणा, श्रद्धा तुमच्या अंतःकरणात अद्याप शिरलेली नाही, असे त्यांना सुनावले आहे. म्हणजे शरणागती बाहेरून दिसते. इमान आत असते. या शब्दाचा धातू सुरक्षितता व विश्वास यांचा वाचक आहे, आणि मराठीतील ‘अमानत’ही त्याच धातूचा. ही अमानत आकाश, पृथ्वी व पर्वत यांच्यापुढे ठेवली असता त्यांनी भयाने ती नाकारली, मनुष्याने मात्र उचलली, असे ३३ व्या अध्यायात वर्णिले आहे. अमानत सांभाळायची असते. ती घेतली एवढे सांगून भागत नाही.

आणि येथेच शंका उत्पन्न होते. अमानत घेऊन ज्याने ती सांभाळली नाही, म्हणजे जो एकत्व मानतो परंतु महापातक करतो, तो श्रद्धावान म्हणावा की नाही?

हा प्रश्न पाठशाळेत नव्हे, रणांगणात उपस्थित झाला. इ. स. ६५७ मध्ये फरात नदीच्या काठी सिफ्फीन येथे अली व मुआविया यांच्यात युद्ध झाले आणि अखेर लवाद नेमण्याचे ठरले. तेव्हा अलींच्या पक्षातील काही लोक, निवाडा करण्याचा अधिकार एकट्या ईश्वराचा आहे, असे म्हणून बाहेर पडले. हेच खारिजी. त्यांचे वचन तौहीदाला धरून होते, यात संशय नाही. पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की महापातकी मनुष्य मुसलमान राहतच नाही. आणि त्यांतील उग्र गटांनी अशांचा वध विहित मानला. इ. स. ६६१ मध्ये कूफा येथे अलींची हत्या एका खारिज्यानेच केली. ज्यांनी निवाडा ईश्वराचा म्हटला त्यांनीच तो सर्वांआधी आपल्या हाती घेतला, हा विरोध त्यांच्या ध्यानी आला नसावा.

याच्या उलट ‘मुर्जिआ’ म्हणविणारे लोक. मुर्जिआ म्हणजे पुढे ढकलणारे. पातक्याचे काय होणार हे ईश्वराच्या अंतिम निर्णयावर सोपवावे, मनुष्याने त्याला श्रद्धेबाहेर काढू नये, असे त्यांचे मत. बसरा येथे हसन बसरी (मृत्यू इ. स. ७२८) यांच्या मंडळीत हाच प्रश्न निघाला असता वासिल बिन अता यांनी, असा मनुष्य ना श्रद्धावान ना काफर, तो मधल्या स्थानी आहे, असे सांगितले व ते उठून वेगळे बसले, त्यावरून मुतझिला हे नाव पडले, अशी कथा परंपरेत आहे. अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) यांच्या परंपरेने मान्यता आणि उच्चार यांनाच इमान म्हटले, आणि ते वाढत नाही की घटत नाही असे प्रतिपादिले. याउलट हदीस-संग्राहक बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) यांनी आपल्या संग्रहातील इमानाच्या प्रकरणाचा आरंभच, इमान हे उच्चार व कृती असून ते वाढते व घटते, या सिद्धान्ताने केला आहे.

मुतझिलांची पुढील हकीकत खेदजनक आहे. ते स्वतःस न्याय व एकत्व यांचे पुरस्कर्ते म्हणवीत. ईश्वराचे गुण त्याच्याहून वेगळे व अनादी मानले तर अनादी तत्त्वे अनेक होतील, म्हणून ईश्वरवाणी कुराण हेही निर्मित आहे, असा त्यांचा युक्तिवाद. विचार म्हणून तो दुर्लक्षणीय नव्हता. पण इ. स. ८३३ मध्ये खलिफा मामून याने हे मत राजाज्ञेने विद्वानांकडून वदवून घेण्यास आरंभ केला. अहमद बिन हंबल यांनी नकार दिला; त्यांना बंदिवास घडला, आणि पुढील खलिफा मुतसिम याच्या काळी फटके बसले. एकत्वाच्या रक्षणासाठी चाबूक उचलला गेला, तेव्हा त्या मताची प्रतिष्ठाही त्याबरोबर गेली.

येथे कोणी म्हणेल, आचरण जर इमानाचा भाग नसेल तर नीतीला आधार कोणता? केवळ कलमा उच्चारून वाटेल ते करावे काय? ही शंका रास्त आहे. परंतु आचरणाचे मोजमाप दुसऱ्यावर लावणे वेगळे आणि स्वतःवर लावणे वेगळे. एका हदीसात दांभिकपणाला, म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या उपासनेला, लहान शिर्क म्हटले आहे. प्रार्थनेस उभा राहिलेला मनुष्य कोणी पाहत आहे म्हणून ती लांबवितो. त्या क्षणी त्याने पाहणाऱ्याला ईश्वराचा वाटेकरी केले. मूर्ती कोठेच नाही, तरी शिर्क घडला. हा दोष दुसऱ्याच्या ठिकाणी कोणास दिसणार? तो ज्याचा त्यासच ठाऊक.

अबू हामिद गझाली (इ. स. १०५८–११११) यांनी तौहीदाच्या चार पायऱ्या अक्रोडाच्या दृष्टान्ताने सांगितल्या आहेत. बाहेरची हिरवी साल म्हणजे केवळ जिभेवरचा उच्चार. कवच म्हणजे अंतःकरणाची मान्यता. गर म्हणजे सर्व घडामोडी एकापासूनच होतात हे प्रत्यक्ष उमगणे. आणि त्या गरातील तेल म्हणजे एकावाचून दुसरे न दिसणे. वरची साल कडू आहे, खाण्यास निरुपयोगी आहे. तरीही ती काही काळ आतल्याचे रक्षण करते. तसाच केवळ जिभेवरचा कलमा मनुष्याला निदान तलवारीपासून वाचवितो, असे गझाली म्हणतात. कोणासही श्रद्धाबाह्य ठरविताना किती जपावे, यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मात्र तत्त्वज्ञांना तीन मतांसाठी काफर ठरविणारेही हेच गझाली, हे विसरता येत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. इ. स. १९९५ मध्ये कैरो येथील न्यायालयाने कुराणाचे अभ्यासक नस्र हामिद अबू झैद यांना त्यांच्या लेखनावरून धर्मत्यागी ठरविले आणि त्यांचा विवाह रद्द केला. आपण मुसलमान आहोत असे ते स्वतः म्हणत असतानाही. पती-पत्नींना देश सोडावा लागला. पुढे इ. स. २००५ मध्ये अनेक देशांतील विद्वान अम्मान येथे जमले, आणि मान्य संप्रदायांच्या अनुयायांना काफर ठरवू नये असा ठराव त्यांनी केला.

हदीसात आलेला उसामा बिन झैद यांचा प्रसंग या सर्व वादांच्या आधीचा आहे. एका चकमकीत शत्रुपक्षाचा एक मनुष्य तलवारीखाली सापडला आणि त्याने कलमा उच्चारला. उसामांनी तरीही त्याला मारले. पैगंबरांनी जाब विचारला असता, तो भयाने बोलला, असे उसामांनी सांगितले. त्यावर, तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय, असा प्रश्न पैगंबरांनी केला, आणि पुनःपुन्हा दोष दिला; इतका की आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरे, असे उसामांस वाटले. पुढे अलींच्या काळी यादवी माजली, तेव्हा दोन्ही सैन्यांत कलमा म्हणणारेच होते. उसामा कोणत्याच बाजूने लढावयास गेले नाहीत.