गोष्टीचे तात्पर्य कोणी सांगावे?

काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. मेणाच्या घरातली चिऊ बाळाची अंघोळ, तीट-काजळ आटोपेपर्यंत दार उघडीत नाही. गोष्ट संपताच आपण घाईने तात्पर्य सांगतो: घर पक्के बांधावे. पण चार वर्षांचे पोर विचारते, "काऊ भिजत होता ना? मग चिऊताईनं दार का नाही उघडलं?" तात्पर्याने हा प्रश्न दडपला जातो; न्यायबुद्धी तर त्यातूनच जागी होते.

भावनगरला १९२० साली बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका गोष्ट आनंदासाठी सांगावी, असे मानीत. आनंदात ऐकणारे मूलच निर्भयपणे विचारते. तेव्हा उत्तर देऊ नये, "तुझ्या दारी काऊ आला तर?" एवढेच विचारावे आणि थांबावे. मात्र, वाचकहो, उद्या आपल्याच दारी कोणी भिजत उभे राहिले, तर ते मूल आपल्याकडे पाहील!