देवाचे पुनर्वसन

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन ह्या दोन अमेरिकन गृहस्थांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा जो खेळ प्रसिद्ध केला, त्यात फासे, कागद, पेन्सिल आणि चार-सहा मित्र एवढ्याच सामग्रीवर एक अखंड कल्पित सृष्टी उभी राहते. आणि सृष्टी म्हटली की तिला देव लागतातच. त्या देवांची रीतसर दप्तरनोंद करणारा ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ हा ग्रंथ 1980 साली निघाला, आणि त्यात एल्फ नावाच्या दीर्घायुषी, अरण्यप्रिय व कलासक्त अशा लोकांचा मुख्य देव म्हणून कोरेलॉन लॅरेथियन ह्याची प्रतिष्ठापना झाली. चंद्रकोर हे ह्या देवाचे चिन्ह. ग्रुम्श हा त्याचा हाडवैरी. दोघांच्या युद्धात ग्रुम्शचा एक डोळा गेला, आणि कोरेलॉनचे जे रक्त सांडले ते अश्रूंत मिसळून त्यातून एल्फ लोक जन्मास आले, अशी त्यांची उत्पत्तिकथा सांगतात.

अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या रतनलाल प्लॉटमध्ये भाड्याच्या खोलीत राहून दिवसभर स्पर्धापरीक्षेच्या प्रश्नपत्रिका सोडवणारा तरुण रात्री ‘बॉल्डर्स गेट 3’ हा 2023 सालचा खेळ उघडतो, आपल्या पात्रासाठी पुरोहिताचा पेशा निवडतो, समोर आलेल्या यादीतून कोरेलॉनच्या नावावर बोट ठेवतो, आणि तत्क्षणी त्याचा उपासक होतो. ह्यावर नाक मुरडणारी वडीलधारी मंडळी आपल्या वऱ्हाडात पुष्कळ आहेत. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी इच्छा नाही. देव कुणीतरी रचला एवढ्यावरून तो हीन ठरत असेल, तर कोणत्या देवाची सुटका होईल हे सांगणे कठीण आहे.

उदाहरण दूरचे नको. गाविलगडच्या डोंगरात, मेळघाटात, मुंडा कुळातली भाषा बोलणारे कोरकू लोक राहतात. त्यांची उत्पत्तिकथा रसेल आणि हिरालाल ह्यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवरच्या आपल्या 1916 सालच्या चतुःखंडी ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. विंध्य आणि सातपुडा निर्मनुष्य पाहून रावणाने महादेवाला विनंती केली. महादेवाने कावळ्याकरवी तांबड्या मातीचे वारूळ शोधून काढले आणि त्या मातीचे स्त्रीपुरुष घडवले. परंतु इंद्राने पाठवलेल्या घोड्यांनी त्या मूर्ती पुनःपुन्हा तुडवल्या, तेव्हा महादेवाने आधी मातीचा कुत्रा करून त्यात प्राण फुंकला, त्याने घोडे पिटाळले, आणि मग मुला व मुलाई हे आदिदांपत्य उभे राहिले. ज्या कथेत रावण हा लोकवस्तीची काळजी वाहणारा अर्जदार आहे आणि माणसाच्या आधी त्याचा राखणदार कुत्रा जन्माला येतो, ती कथा कल्पनावैभवात कोरेलॉनच्या रक्ताश्रूंपुढे तसूभरही उणी नाही. मला तर ती अधिक शहाणी वाटते. तेव्हा कल्पितपणा हा भेदाचा मुद्दाच नव्हे.

भेद आहे तो निराळ्या ठिकाणी. 1980 च्या त्या ग्रंथात प्रत्येक देवाचे सामर्थ्य आकड्यांत दिलेले आहे: किती घाव सोसेल, त्याचे चिलखत किती अभेद्य, त्याचा अंमल कोणकोणत्या गोष्टींवर. पुरोहिताने नियमाप्रमाणे प्रार्थना केली की त्याच्या पायरीनुसार ठरलेल्या संख्येने मंत्र त्याच्या पदरी जमा होतात. कागदावरच्या खेळात खेळ चालवणारा गृहस्थ क्वचित देवाचा रोष ओढवून आणतो खरा. पण संगणकाच्या पडद्यावर बहुधा तेवढाही धोका उरत नाही. म्हणजे हा देव एका कबुलायतीने बांधला गेला आहे, आणि त्या कबुलायतीतले एकही कलम मोडण्याची मुभा त्याला नाही. भक्ताला देवाविषयी सारे काही ठाऊक आहे, आणि देवाला भक्ताकडून काहीच नको आहे.

कोरकूंचा डोंगरदेव नेमका ह्याच्या उलट आहे. त्याचे चित्र नाही, चरित्र नाही. गावाबाहेरचा जवळचा डोंगर हेच त्याचे ठाणे. दसऱ्याला त्याच्यापुढे नारळ, लिंबू, खारीक, शेंदूर आणि बकरा येतो. गावात मुठवा देव म्हणजे दगडांची एक रास. रोगराई आली की तिच्याकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. वाघदेव आहे, तो कशासाठी हे त्या रानात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ह्या देवांविषयी त्यांचा पुजारी, म्हणजे भूमका, काय सांगू शकेल? फार थोडे. त्यांना काय दिले पाहिजे, केव्हा, आणि न दिल्यास कुणाचे काय झाले, एवढेच. परंतु नारळ फोडूनही पाऊस येत नाही, बकरा देऊनही मूल दगावते, आणि तरी पुढच्या दसऱ्याला माणसे पुन्हा तीच वाट चढतात. कुणी म्हणेल, नवस हाही करारच की! आहे, पण त्या करारनाम्यावर सही एकट्या माणसाची असते. देवाने काहीच कबूल केलेले नसते, आणि ह्या एकतर्फीपणातच त्याचे देवपण आहे, असे मला वाटते.

गंमत अशी की खुद्द एल्फांची उपासना पूर्वी अशीच होती. इसवी सन 1020 च्या सुमारास सिगवात नावाचा नॉर्वेच्या दरबारचा कवी स्वीडनमधून प्रवास करीत असता रात्रीच्या आसऱ्यासाठी एका वाड्याच्या दाराशी गेला, तेव्हा आत एल्फांसाठी बळी देण्याचा विधी चालू आहे, ह्या कारणास्तव घरधनिणीने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले. आणि ही हकीकत त्याने आपल्या काव्यात तक्रारीच्या सुरात नमूद केली आहे. त्या एल्फांचे देवपण एका घराशी, एका शिवाराशी बांधलेले होते, आणि त्यांच्यापायी थंडीत पाहुण्याला माघारी धाडण्याचा अप्रिय प्रसंग यजमानावर येत होता. कोरेलॉन कुणालाही माघारी धाडत नाही. त्याला शिवारच नाही. तो न्यूयॉर्कमध्ये जितका आहे तितकाच राजापेठेत आहे.

शिवार असणे ही देवाची केवढी मोठी अडचण आहे, हे मेळघाटात गेली वीस-पंचवीस वर्षे दिसते आहे. 1974 साली येथे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि ह्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ह्या गावांपासून गाभाक्षेत्रातील गावे बाहेर वसवण्यास सुरुवात झाली. पुढे अमोना, नागरतास, बारूखेडा, सोमठाणा अशी गावे अकोला जिल्ह्यातील सपाटीवर उतरली. 2008 साली केंद्राने प्रतिकुटुंब मोबदला एका लाखावरून दहा लाखांवर नेला. जे कुटुंब रोख रक्कम न घेता सरकारकरवी पुनर्वसन पत्करी, त्याच्या बाबतीत ह्या दहा लाखांची टक्केवारीने वाटणी केलेली होती: शेतजमिनीस 35, हक्कांच्या निवारणास 30, घरास 20, प्रोत्साहनास 5, आणि उरलेले 10 टक्के सामूहिक सोयींस. ह्या शेवटच्या बाबीत रस्ता, सिंचन, पिण्याचे पाणी, वीज, दूरध्वनी, समाजमंदिर, स्मशान आणि प्रार्थनास्थळ हे सारे एका ओळीत नांदत होते.

ज्या कारकुनाने ही ओळ लिहिली त्याच्या सद्भावाविषयी मला शंका नाही. देवाचा त्याला विसर पडला नाही, हेच विशेष. पण त्याच्या मनातला देव हा कोरेलॉनच्या जातीचा आहे. नव्या गावी चार भिंती उठवल्या, वर पत्रे घातले की तो तेथे राहावयास येईल, अशी त्यामागे धारणा आहे. मुठवा कदाचित येईलही, दगड ट्रॅक्टरमध्ये भरता येतात. मृतांच्या नावाने सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेल्या सागवानी फळ्या उपटून आणता येतील, जरी त्या ज्या झाडाखाली रोवल्या ते झाड मागे राहील. डोंगरदेवाचे मात्र काय करावे? तो डोंगरावर नाही, डोंगरच आहे. सपाटीवर त्याची स्थापना करणे म्हणजे त्याचे नाव ठेवून त्याला रद्द करणे होय.

येथे भाबडेपणाही नको. सपाटीवर उतरलेली काही कुटुंबे जुन्या गावी परत गेली, 2019 च्या जानेवारीत त्यांचा आणि वनखात्याचा संघर्ष झाला. त्यामागे जमीन आणि औषधपाणी ह्यांच्या साध्या, कठोर तक्रारी होत्या, आणि त्यांना देवाच्या ओढीचा मुलामा देणे हा शहरी लेखकाचा शौक ठरेल. वाघालाही निवांत रान हवे, हेही खरे. आणि दगड हलवले तर आकाश कोसळत नाही, हे आइसलंडने दाखवून दिले आहे: तेथे गाल्गाह्राउन नावाच्या लाव्हाप्रदेशातून रस्ता नेताना एल्फांचे देऊळ मानलेला एक प्रचंड पाषाण आडवा आला, त्यावर वाद माजला, आणि अखेर 2015 साली यंत्राने तो उचलून बाजूला ठेवण्यात आला. परंतु तेथे निदान दगडाची दखल घेऊन वाटाघाट झाली. ओडिशातील नियमगिरी पर्वतावरच्या नियोजित खाणीच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली पर्वतदेवाच्या हक्काचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला.

आपल्याकडेही अशी वाट अगदीच अनोळखी नाही. अकोटच्या उत्तरेस, व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत, धारगडला डोंगराच्या कपारीत महादेव आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी वनखात्याच्या परवानगीने हजारो भाविक अकोल्या-अमरावतीकडून तेथे जातात, भर पावसात चिखल तुडवतात, दर्शन घेऊन परततात, आणि वाघ त्या दोन दिवसांपुरता सोसून घेतो. महादेवाच्या मागे अकोटची बाजारपेठ आहे, मंडळे आहेत, मते आहेत. म्हणून त्याला मुभा मिळाली. उठलेल्या गावांच्या डोंगरदेवामागे पाच-पन्नास घरे असतात, तीही पांगलेली. हजारोंच्या यात्रेला जे रान सोसते त्याला दसऱ्याच्या एका दिवसाकरता एक भूमका आणि त्याच्यासोबतची दहा माणसे सोसवणार नाहीत, असे कोणत्या शास्त्राने ठरवले? पुनर्वसनाच्या दप्तरात घरे, विहिरी आणि झाडे मोजतात तसे देवाचे ठाणे नकाशावर टिपावे, आणि वर्षातून एकदा तेथे जाण्याचा हक्क गावाच्या नावे लावून द्यावा. त्याला दहा टक्क्यांतला एक पैसाही लागणार नाही. बकऱ्याचा प्रश्न राहतो, तो वनपाल आणि भूमका ह्यांनी एकत्र बसून सोडवावा.