उलटा कोण, सुलटा कोण?

गुरू ग्रहाला आपल्याकडं लई मान. देवांचा गुरू म्हणे. लगीन ठरवायचं तर भटजी आधी गुरुबळ बघणार. खरा गुरू म्हंजे ३१८ पृथ्व्यांएवढ्या वजनाचा वायूचा गोळा. त्याला कुणाच्या लग्नाशी देणंघेणं नाही. पण त्याच्याभोवती फिरणाऱ्या चंद्रांची जी प्रतवारी केलीय, ती चळवळीतल्या पोरापोरींनी समजून घेण्यासारखी आहे.

आठ चंद्र 'नियमित'. गुरूच्या जवळचे, जवळजवळ गोल वाटेचे, तो स्वतःभोवती फिरतो त्याच दिशेनं फिरणारे. गॅलिलिओनं १६१० साली पाहिलेले चार मोठे चंद्र यांतलेच. बाकीचे ऐंशीहून जास्त 'अनियमित'. लांबचे, बारके, फिकट, तिरक्या वाटेचे, बहुतेक उलट्या दिशेचे. शास्त्रज्ञ म्हणतात, हे गुरूपाशी जन्मलेले नव्हेत. भटकताना त्याच्या ओढीत सापडले नि अडकले.

आता सांगा, आठ नियमित आणि ऐंशी अनियमित, हा नियम कुणाचा? गुरुत्वाकर्षणाचा कायदा तर सगळेच सारखा पाळतात. जवळ बसलेल्यांची चाल ती रीत, बाकीची बेरीत, एवढाच हिशेब. शास्त्रज्ञाच्या तोंडी तो सोयीचा शब्द आहे, त्यात हिणवणं नाही. गावात मात्र त्याचीच शिवी होते. बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात मांडलं, की आपले पूर्वज हरलेल्या टोळ्यांतून फुटलेली माणसं. राखणीच्या बदल्यात गावानं त्यांना वेशीबाहेर जागा दिली. बाहेर राहणं आधी आलं, विटाळ मागनं चिकटवला.

या अनियमितांत व्हॅलेट्युडो नावाचा एक चंद्र आहे. जेमतेम १ किलोमीटरचा. रंकाळ्याला फेरी मारताना आपण याहून जास्त चालतो. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात फिकट ताऱ्याहून तो दीड कोटी पटीनं फिकट. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं तो २०१६ साली टिपला, २०१८ साली जाहीर झाला. हा गुरूच्याच दिशेनं फिरतो, पण त्याच्या टापूतले बाकीचे उलटे. त्यांच्या वाटा तो छेदतो, कधीतरी समोरासमोर टक्कर होऊ शकते. गुरूकडनं बघा, हा सुलटा. शेजाऱ्यांकडनं बघा, हा उलटा. चाल एकच.

मग काय, ज्याचं त्याचं खरं? चांगलं-वाईट काही नाहीच? असं म्हणून सुटता येणार नाही. दिशेचं नाव बघणाऱ्यावर ठरतं. टकरीत कोण फुटलं ते बघणाऱ्यावर ठरत नाही. महाडच्या तळ्याचं पाणी १९२७ पर्यंत आपल्याला नाकारलं होतं. ते देवळातनं बघा नाहीतर महारवाड्यातनं बघा, नाकारलेलंच. न्याय मोजायचा तो घाव कुणाला बसला यावरनं.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. चंद्राला आपण होऊन कक्षा सोडता येत नाही. माणसाला येते, कारण जातीची ओढ माणसानं केलेली आहे. १९५६ साली नागपुरात लाखोंनी ती सोडली. आपल्या जिल्ह्यातच, माणगावला, मार्च १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी जमलेल्या माणसांना सांगितलं, की तुमचा पुढारी तुम्हाला तुमच्यातनंच मिळालाय. राजा असून त्यांनी माणसं स्वतःभोवती फिरत ठेवली नाहीत.

आणि आपण? बैठकीत एखादी पोरगी वर्गणीचा हिशेब मागते, आपण म्हणतो, "ही उलटं बोलती." मांगवाड्यातला पोरगा विचारतो, "व्यासपीठावर आमचा माणूस कधी?" आपण म्हणतो, "हा फूट पाडतोय." हे आपण कुठं उभं राहून म्हणतो? पुढाऱ्याच्या जवळच्या आठ जणांत बसून म्हणत असू, तर गावात आणि आपल्यात फरक काय राहिला?

म्हणून पुढच्या बैठकीत तिला गप्प करण्याआधी पुढाऱ्याच्या तोंडाकडं बघू नका. वही उघडा. हिशेब लागतो का ते बघा.