भीती वाटली म्हणजे श्रद्धा कमी पडली का?



आजचं चिंतन गीतेच्या १८व्या अध्यायातल्या ३०व्या श्लोकावर. सात्त्विक बुद्धी कशी ओळखायची, ते भगवंत इथे सांगतात. काय करावं, काय करू नये, बंधन कशात, मोक्ष कशात, हे तिला कळतं. पण त्याच यादीत आणखी एक जोडी आहे: भय आणि अभय. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हेही तिला कळतं.

सध्या हा श्लोक मला फार जवळचा वाटतोय. ऑक्टोबरमध्ये आमच्या पारायण गटातले अकरा जण नेपाळला, मुक्तिनाथाच्या दर्शनाला जाणार आहोत. आणि मला विमानाची भीती वाटते. थोडीथोडकी नाही, तिकीट काढल्यापासून झोप उडालीये. गटात हे बोललो तर एक काका म्हणाले, "अरे, रोज हरिपाठ म्हणतोस ना? मग त्याच्यावर भरवसा ठेव की!" काका प्रेमानेच बोलले, पण प्रश्न मनात राहिला. भीती वाटते म्हणजे माझा भरवसा कच्चा आहे का?

श्लोक नीट वाचला तर तसं दिसत नाही. सात्त्विक माणसाला भीतीच वाटत नाही, असं तिथे म्हटलेलं नाही. भय ओळखणं हे बुद्धीचं काम सांगितलंय. आपण आयटीवाले काय करतो? अलर्ट आला म्हणून सर्व्हर बंद करत नाही, आणि अलर्ट म्यूटही करत नाही. आधी लॉग वाचतो.

तर लॉग वाचायला बसलो. मुंबई ते काठमांडू मोठं जेट विमान. हवेत गचके बसले की पंख वाकताना दिसतात, पण ते वाकतील असेच बनवलेले असतात. जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरलेलं असतं, त्याच्या दीडपट भार विमानाने सोसायला हवा, असा नियमच आहे. गचक्यांत इजा होते ती बहुतेक पट्टा न लावलेल्यांना. म्हणजे माझ्या हातात आहे ते एवढंच: पट्टा लावणं. उरलेली धडधड शरीराची. तिला नामाच्या सोबतीने घेऊन जायचं.

पोखरा ते जोमसोम मात्र वेगळं आहे. छोटं विमान, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि काली गंडकीच्या खोऱ्यात दिवस चढला की वारा एवढा वाढतो की उड्डाणं सकाळीच उरकतात. मे २०२२ मध्ये याच मार्गावर विमान कोसळून आतले सगळे २२ जण गेले. त्यात महाराष्ट्रातलेही होते. ही भीती मनाचे खेळ नाही. इथे "देव बघून घेईल" म्हणणं म्हणजे आपल्या वाटणीचा विचार देवावर ढकलणं.

जीपचा रस्ता आहे, पण तो खडबडीत, आणि पावसाळ्यात दरडींचा. शिवाय गटातल्या एका काकूंचे गुडघे दिवसभराचे हादरे सोसणार नाहीत. मग माझ्या भीतीपायी सगळ्यांना जीपमध्ये बसवायचं? की ऑफिसचं निमित्त सांगून मीच गळायचं? दोन्ही नको वाटलं. भीती लपवायची नाही, आणि दुसऱ्यावर लादायचीही नाही. सगळी माहिती गटासमोर ठेवली. ठरलं असं: ज्याला जे झेपेल ते त्याने निवडायचं, आणि हवामान बिघडलं तर घाई न करता थांबता यावं म्हणून पोखऱ्यात एक दिवस जादा ठेवायचा. मी जीपने जाणार आहे. काकू विमानाने.

आता पाच श्लोक पुढे जा. ३५व्या श्लोकात तामसी धृती येते. झोप, भय, शोक, विषाद, मद हे जी सोडत नाही, ती. दोष भीती येण्यात नाही, ती धरून बसण्यात आहे. जे करायचं ते करून झाल्यावरही रात्री दोन वाजता अपघातांचे व्हिडिओ बघत बसणं, हे ते धरून बसणं.

मग भरवसा कशासाठी? विमान पडणारच नाही याची हमी म्हणून नाही. ती तर त्याने कोणालाच दिलेली नाही. काहीही झालं तरी आपण त्याचेच, हा भरवसा. तो असला की घाबरलेल्या माणसालाही पाऊल उचलता येतं.

आज एक करून बघा. तुमची एक भीती कागदावर लिहा. तिने सांगितलेलं काम कोणतं, आणि नुसती धडधड कोणती, ते वेगळं करा. काम आजच करा. धडधड त्याच्या पायाशी ठेवा; उद्या परत आली तर परत ठेवा.

राम कृष्ण हरी!